मदत हवी आहे: आईबाबांच्या आरोग्य विम्याचा हप्ता एकदम वाढलाय, ६ दिवसांत ठरवायचंय

सायली_इचल:
गेल्या वर्षी ४१,३०० भरले, यंदा ५२,००० मागतायत. आजवर एकही क्लेम नाही! एजंट म्हणतो वय झालं की वाढणारच. भाऊ म्हणतो पॉलिसी सोडा, पैसे बँकेत टाकू. भरू, सोडू की दुसऱ्या कंपनीत नेऊ? प्लीज लवकर सांगा, डोकं चालेनासं झालंय.

निवांत६१:
दोघांची वयं? विमा किती लाखांचा? किती वर्षं चालू आहे? आजार काय? यातलं काहीच लिहिलं नाहीस, सांगायचं कसं?

पाटलांची_सून:
मुळीच सोडू नका. सासऱ्यांची पॉलिसी आम्ही अशीच रागाने सोडली. नवी घेतली तेव्हा साखरेच्या आजारासाठी पुन्हा ३ वर्षं थांबा म्हणाले. त्यातच पायाची जखम चिघळली आणि सगळं बिल आमच्या गळ्यात.

हिशोबी:
गेल्या वर्षीची पावती बघ. त्यात १८% जीएसटी असणार, म्हणजे ६,३०० कराचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा कर शून्य झालाय. तेव्हा खरी वाढ ३५,००० वरून ५२,०००, जवळजवळ ४९%! जानेवारी २०२५ मध्ये इर्डाने (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) कंपन्यांना सांगितलंय की ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १०% च्या वर न्यायचा तर आधी आमच्याशी बोला. कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल कर, ही वाढ कुठल्या आधारावर ते लेखी माग.

रमाकांत_ठाणे:
आयकरातली विम्याच्या हप्त्यावरची सवलत (८०डी) विसरू नका. जुन्या करप्रणालीत ज्येष्ठ आईवडिलांसाठी ५०,००० पर्यंत वजावट मिळते.

सायली_इचल:
सॉरी, घाईत राहिलं. बाबा ७३, आई ६८. दोघांची मिळून ५ लाखांची, ९ वर्षं चालू. बाबांना बीपी, २०२१ मध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट टाकला. माझी नोकरी पुण्यात, ते दोघंच इचलकरंजीत.

गावाकडचा:
स्टेंटचा क्लेम नव्हता का मग?

सायली_इचल:
तेव्हा माझ्या ऑफिसच्या ग्रुप विम्यातून झालं. ती नोकरी सुटली.

गावाकडचा:
मग बाबांसाठी पैसे घालवूच नका. ७० च्या वरच्यांना सरकारचं मोफत उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ऑक्टोबर २०२४ पासून. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाख, जुने आजार पहिल्या दिवसापासून धरतात.

पाटलांची_सून:
कार्ड काढाच, पण त्याच्या भरवशावर पॉलिसी सोडायला सांगू नका हो. ते फक्त योजनेतल्या रुग्णालयांत चालतं. रात्री छातीत दुखलं की माणूस जवळचं गाठतो, यादी शोधत बसत नाही. शिवाय खाजगी विमा असला तरी कार्ड मिळतं, मग एक सोडायचं कशाला? आणि आई ६८ ची आहे, तिचं काय?

गावाकडचा:
आईला राज्याची मोफत उपचारांची महात्मा फुले योजना आहे की! आता पांढऱ्या शिधापत्रिकेलाही चालते.

शतपावली:
माझे वडील ८१ चे. रोज ४ किलोमीटर चालतात, सकाळी भिजवलेले मेथीदाणे. अजून दवाखाना माहीत नाही. विम्यापेक्षा हे बघा.

निवांत६१:
दादा, त्यांना स्टेंट आहे आणि मुदत ६ दिवसांवर आलीय. धागा विम्याचा आहे.
सायली, ६ दिवसांत पोर्टिंग, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीत नेणं, विसर. मला ४५ दिवस आधी अर्ज करायला सांगितलं होतं. यंदा भर, पुढच्या वर्षी २ महिने आधी हालचाल कर. मुदत उलटल्यावर ३० दिवसांत भरलं तर पॉलिसीची सलगता टिकते, म्हणजे जुन्या आजारांसाठी पुन्हा थांबावं लागत नाही, पण मधल्या दिवसांत दाखल व्हावं लागलं तर क्लेम मिळत नाही. आणि खोलीभाड्याची मर्यादा बघून ठेव. आमची दिवसाला ३,००० ची होती, घेतली ६,००० ची खोली. कंपनीने नुसतं भाडं नाही, डॉक्टरांची फी आणि ऑपरेशनचा खर्चही निम्मा कापला. बायको बिल हातात घेऊन काउंटरपाशी उभीच राहिली.

सायली_इचल:
हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. हप्ता आत्ता भरला, ईमेलही पाठवली. भावाला हा धागा वाचायला दिलाय. आता कार्डाचं बघते, पण एक अडचण आहे. बाबांनी ३५ वर्षं यंत्रमागावर काढली, बोटांचे ठसे आधारला लागतच नाहीत. रेशनवरही दरवेळी हाच घोळ.

गावाकडचा:
ठशाची गरज नाही. आयुष्मान ॲपवर चेहऱ्यावरून किंवा आधारच्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने होतं. माझ्या आजीचं अंगणात बसवून केलं, उजेडाकडे तोंड करून. आधारला जोडलेला नंबर चालू आहे ना, ते मात्र आधी बघ.

सायली_इचल:
नंबर आईच्या जुन्या फोनचा आहे. शनिवारी घरी जाते, तेव्हा करते.