तुम्हाला गावात काय म्हणतात?

आमच्या गावात (परभणी जिल्हा) बाबुराव तिघं. एक काळा, एक लांबडा, एक हेकणा (तिरळा). हेकणा तो माझा चुलता. परवा पत्रिका वाटायला आलेल्या पोरानं नेमकं त्यालाच विचारलं, "हेकण्या बाबुरावचं घर कोणतं?" चुलता म्हणला, "हेच. ये, चहा घे." पोरगं शरमलं, चुलता नाही. राग आला तो मला, आणि अजून उतरला नाही. तुमचं सांगा. जातीवरच्या शिव्या तेवढ्या इथं परत टाईप करू नका.

नांदेड :
आजोबांचं आधारवरचं नाव उकंडा. आधीची तीन लेकरं दगावली, म्हणून ह्यांना जन्मल्याबरोबर उकंड्यावर ठेवून उचललं. टाकलेलं लेकरू, त्याला कोण नजर लावतंय! कचरू, केरबा, दगडू ही नावं त्याच हिशेबातली. बँकेतला पोरगा नाव वाचून हसला तर आजोबा म्हणले, "हास बाबा, पण स्पेलिंग नीट टाक."

लातूर :
२०१६, पुण्याचं होस्टेल. मिरजेहून रेल्वेनं आमच्याकडं पाणी यायचं ते वर्ष. मी आंघोळीला गेलो की बाहेरून शिट्टी : "ए लातूर, गाडी आली का रे?" पहिल्यांदा मीबी हसलो.

लोहारा :
३० सप्टेंबर १९९३ नंतर पाचव्या दिवशी, शेतात ताडपत्रीखाली माझा जन्म. गावभर 'भूकंपी'. माय ते नाव घरात घेऊ द्यायची नाही. थोरला भाऊ त्या पहाटे गेला.

हिंगोली :
पोलिओचा पाय. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम ९२ : चारचौघांत मुद्दाम पाणउतारा केला तर सहा महिने ते पाच वर्षं कैद. एका ऑफिसात "ए लंगड्या, सरक" ऐकलं तेव्हा कलम तोंडपाठ म्हणून दाखवलं, रांग गप्प. आता गंमत बघा. तोच शब्द माझा दोस्त रोज म्हणतो, आणि त्याच्याच गाडीवर मागं बसून मी तालुका हिंडतो. एखाद्या दिवशी त्यानं नावानं हाक मारली की वाटतं, ह्याचं काहीतरी बिनसलंय.

बीड :
ऊसतोडीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. बाप वारला त्या साली उचल (आगाऊ पैसे) घ्यायला मायसंग मी गेलतो. मुकादमानं वही उघडली. "औंदा अर्धा कोयता का?" शिवी नव्हती ती, तिकडं माणसं तशीच मोजतात. माय म्हणली, "हां, अर्धाच लिवा."