दान देण्याची पदवी घेऊन आमच्या गावात कोण येणार?

कोरडवाहू (आर्णीकडचा)

परवा आमच्या तालुक्यातील एका सज्जनांनी एक लेख सर्वत्र फिरवला. तो माझ्याकडे इतक्या बाजूंनी आला की आता उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. लेखाचा मथितार्थ असा : अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाने २०१२ साली दानकार्याचे जगातील पहिले स्वतंत्र महाविद्यालय सुरू केले आणि तेथे पदवीपासून पीएच.डी.पर्यंत सारे शिकता येते. आपल्याकडे अशोका विद्यापीठात या विषयाचे केंद्र आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करणे भाग पाडल्यामुळे हा पैसा नीट वाटणाऱ्या प्रशिक्षित माणसांना मागणी आहे. तेव्हा यवतमाळ-वाशीमच्या मुलांनी एमपीएससीच्या अभ्यासिकांत उमेदीची वर्षे घालवण्यापेक्षा 'देण्याच्या क्षेत्रात' करिअर करावे.

देणे ही शिकून मिळवायची विद्या आहे असे एकदा मानले, की न शिकलेल्यांच्या वाट्याला फक्त घेणे उरते, हे ओघानेच येते. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या माणसाने ठिकठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या आणि त्यांतील एकाही खोलीवर स्वतःचा हक्क ठेवला नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली कुष्ठरोग्यांचे काम सुरू केले, अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभारले, बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली. यांच्यापैकी दानाची पदवी कोणाकडे होती?

शिवाय ही पदवीधर मंडळी देणार ते कोणाचे? पैसा कंपनीचा, कंपनीला तो कायद्यानेच देणे भाग, आणि उदार म्हणून मिरवणार पगारदार अधिकारी. आयजीच्या जिवावर बायजी उदार ही म्हण बहुधा यांच्याचसाठी राखून ठेवलेली असावी. आमच्या गावात असा एक अधिकारी आला होता. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून तो टॅबवर उत्तरे टिपत होता : घरात शौचालय आहे का, मोबाईल किती, स्वयंपाक कशावर करता. विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरते, हे मी आपण होऊन सांगू लागलो तेव्हा तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, "काका, त्याच्यासाठी रकाना नाही."

वरोऱ्याची एमएसडब्ल्यू

कोरडवाहू दादा, तुमच्या यादीनेच तुमचा मुद्दा खोडला आहे. बाबा आमटे वकील होते, आणि कुष्ठरोग्यांचे काम हाती घेतल्यावर केवळ सद्भावनेवर विसंबून न राहता ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रीतसर शिकायला गेले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे गडचिरोलीत 'सर्च' या आरोग्यसंस्थेचे काम उभे करण्यापूर्वी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन आले. गावातल्याच बाईला शिकवून नवजात बाळांचे मृत्यू घरच्या घरी कमी करता येतात, हे त्यांनी आकड्यांनिशी सिद्ध केले आणि १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापले. शिकल्यामुळे त्यांची गावाशी नाळ तुटली, असे तुमचे म्हणणे आहे का?

पगाराबद्दलही एकदा स्पष्ट बोलू. तलाठी पगार घेतो, कृषी सहायक घेतो, शिक्षक तर वेतन आयोगासकट घेतो, आणि त्याला कोणी मिरवणे म्हणत नाही. मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी (एमएसडब्ल्यू) घेऊन अकरा महिन्यांच्या करारावर काम करते, गावोगाव फिरण्याचे पेट्रोल बहुतेक वेळा माझ्या पर्समधून जाते, आणि तरीही "समाजसेवा करता, मग पगार कशाला?" हा प्रश्न मला घरातल्या लग्नाच्या बैठकीतही ऐकावा लागला आहे. सेवा करणाऱ्याने उपाशी राहिलेच पाहिजे, हा हट्ट ज्यांची पोटे भरलेली आहेत तेच धरतात.

आता मूळ प्रश्न. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमातच लिहिले आहे की कंपनीने आपल्या कामकाजाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे. चंद्रपूर जिल्ह्यात कोळसा, सिमेंट आणि वीज आहे, म्हणून तेथे पैसा येतो. वाशीम २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आहे, परंतु तेथे मोठे कारखाने नाहीत, म्हणून कंपन्यांचे पाय तिकडे सहजी वळत नाहीत. कायदा प्राधान्य द्या म्हणतो, दुसरीकडे देऊ नका असे म्हणत नाही, हे एखाद्या संचालक मंडळाला पटवून देणारे माणूस लागते. ते वाशीमचे असावे की गुरुग्रामचे, एवढाच माझा सवाल आहे.

निवृत्त मास्तर, दारव्हा

ताई, शिक्षकांच्या वेतन आयोगावर घसरण्याचे कारण नव्हते. कंपन्यांचा निम्मा पैसा तुमच्या लोकांच्या पगारात आणि हॉटेलांतल्या कार्यशाळांत जातो, हे सर्वांना ठाऊक आहे.

माझ्या शाळेला एका दात्याने डिजिटल वर्ग दिला. पडदा आला, प्रोजेक्टर आला, दारावर वर्गाच्या फळ्याहून मोठी नामफलकाची पाटी आली. वीजबिलाची तरतूद मात्र कोणत्याही कागदावर नव्हती. जोडणी तोडली गेली आणि प्रोजेक्टर पोषण आहाराच्या तांदळाशेजारी कपाटात गेला.

आणि शिलाई मशीनचे तर विचारूच नये. शेतकऱ्याने आत्महत्या केली की वर्षाच्या आत त्या घरी शिलाई मशीन येते, हा आता आपल्या भागातला रिवाजच झाला आहे. एका घरी मी तीन मशीन पाहिल्या. तिसरीवर तुरीचे पोते ठेवलेले होते. ती बाई मला म्हणाली, "गुरुजी, हे तिसरी आनून देल्ली, आता ठेवू कुठी?" ज्याने ती तिसरी दिली, त्याच्याकडे कोणती पदवी होती, हे मला जाणून घ्यायचे आहे.

पऱ्हाटी

मास्तर, मी अशाच एका घरातली मुलगी आहे, म्हणून लिहिते.

माझे वडील गेले तेव्हा मी सातवीत होते. प्रकरण आधी 'अपात्र' ठरले, फेरचौकशीत 'पात्र' झाले, आणि शासनाच्या एक लाखापैकी तीस हजार हाती आले, सत्तर हजार आईच्या नावे पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत गेले. त्यानंतर पहिली मशीन आली. आईने खरोखर जीव लावून काम शिकले, ब्लाउज, फॉल, पिको सगळे. परंतु गाव लहान, शिंपी आधीच होते, आणि आठवडी बाजारात तयार गाऊन इतका स्वस्त मिळू लागला की शिवून घेणाऱ्या बायका सणासुदीपुरत्याच उरल्या. पट्टा तुटला तर नवा आणायला घाटंजीला जावे लागे, आणि त्या फेरीत त्या दिवसाची मजुरी बुडे. दुसरी मशीन एका सभेत मिळाली, तेव्हा तिला मंचावर उभे करून, हार घालून, फोटो काढला. नवरा गेलेल्या बाईला त्या हाराचे काय वाटले असेल, हे विचारायला कोणाकडे वेळ नव्हता.

तिला त्या वर्षी हवे होते ते वेगळेच. शेत आजोबांच्या नावावर होते. सातबाऱ्यावर नाव नसल्यामुळे बँक पीककर्ज देईना, काका वाटणी करून देईनात, आणि पेरणी तोंडावर आलेली. तलाठी कार्यालयात तिच्यासोबत चार वेळा जाऊन फेरफाराचा अर्ज लावून धरणारे एक माणूस आणि बियाण्यापुरती रोख रक्कम, एवढ्याने आमचे घर सावरले असते. मशीन देणाऱ्यांपैकी एकानेही सातबारा पाहायला मागितला नाही.

बोंडअळी

म्हणूनच माझे म्हणणे आहे की पदवी नको, वस्तू नको, सरळ रोख द्या. केनियात 'गिव्हडायरेक्टली' नावाची संस्था गरीब कुटुंबांच्या मोबाईलवर थेट पैसे पाठवते. संशोधकांनी तपासले तेव्हा लोकांनी जनावरे घेतली, घरावर पत्रे टाकले आणि खाण्यावर अधिक खर्च केला. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला नाही. आपल्याकडे २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत संकरित गाई वाटल्या, तेव्हा त्यांना लागणारा हिरवा चारा आणि ढेप कोरडवाहू शेतकरी कोठून आणणार, हा विचार झाला असता तर बरे झाले असते. आमच्याकडची गाय पोळ्यापर्यंतही टिकली नाही. तीच रक्कम हाती दिली असती तर वडिलांनी बकऱ्या घेतल्या असत्या.

निवृत्त मास्तर, दारव्हा

केनिया केनियात राहू द्या. आमच्या गावात अनुदान खात्यात जमा झाले की संध्याकाळी कोणत्या दुकानासमोर गर्दी होते, हे मी तीस-पस्तीस वर्षे पाहिले आहे. रोख देणे म्हणजे आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते.

पऱ्हाटी

मास्तर, मर्यादा सोडून बोलण्याची माझी इच्छा नाही, तरी विचारते. तुम्हाला वेतन आयोगाची थकबाकी मिळाली तेव्हा ती दारूत जाईल म्हणून कोणी तुम्हाला रोख रकमेऐवजी शिलाई मशीन दिली होती का? माझ्या आईने आयुष्यात दारूला हात लावला नाही. तिच्या हाती पैसे देताना गावातल्या पुरुषांच्या व्यसनाचा हिशेब तिच्याकडे मागायचा, हे कोणत्या न्यायात बसते?

वणीचा बचत गट

येथे सगळे मशीनवर तुटून पडले आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडणे भाग आहे. आमच्या गटातील बायकांची घरे मशीनवरच चालतात. फरक इतकाच की आम्ही एकेकटीने ब्लाउज शिवत बसलो नाही. २०२४ साली शाळेचे गणवेश शिवण्याचे काम बचत गटांकडे आले तेव्हा आम्ही ते धरले, पुढे दवाखान्याच्या चादरी आणि कापडी पिशव्यांची मागणी मिळवली. एकीने काजे-बटण, एकीने बाह्या, एकीने इस्त्री, अशी वाटणी केली. मशीन वाईट नसते. ती एकाच घरात तीन आणि पुढच्या गावात एकही नाही, हे वाईट असते. मशीन देऊन ऑर्डर न देणारा दाता म्हणजे बैल देऊन रान न देणारा.

हिशेबनीस

मशीनच्या खडखडाटात मूळ प्रश्न ऐकू येईनासा झाला आहे. आधी मास्तरांच्या 'निम्म्या पैशा'बद्दल. कंपनीला आपल्या समाजकार्य विभागाच्या प्रशासनावर त्या वर्षीच्या एकूण समाजकार्य खर्चाच्या पाच टक्क्यांपेक्षा अधिक खर्च करता येत नाही. मात्र प्रकल्प आखणे, राबवणे आणि त्याची पाहणी करणे यांचा खर्च या पाच टक्क्यांत मोजला जात नाही, त्यामुळे एमएसडब्ल्यू ताईंचा पगार बहुधा प्रकल्पखर्चात दिसत असेल. परदेशी देणग्यांसाठी प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० च्या दुरुस्तीने पन्नासवरून वीस टक्क्यांवर आली. म्हणजे 'निम्मा पैसा' हे विधान बिनबुडाचे आहे, आणि 'फक्त पाच टक्के' असे सांगणारेही पूर्ण सत्य सांगत नाहीत.

आता शिक्षणाची गरज आहे की नाही, ते पाहा. अमरावतीकडील एका जुन्या वसतिगृहाचे हिशेब मी पाहतो. विश्वस्त सचोटीचे, सत्तरी ओलांडलेले. २०२१ च्या एप्रिलपासून १२ए आणि ८०जी या आयकर सवलतीच्या नोंदण्या नव्याने करून पुढे मुदतीत नूतनीकरण करणे आवश्यक झाले. त्यासाठी फॉर्म १०ए नावाची वस्तू अस्तित्वात आहे, हेच या मंडळींना मुदत टळल्यावर कळले. करसवलतीची पावती देता येईना, म्हणून नियमित देणारे दोन व्यापारी सुटले. कंपन्यांचा समाजकार्याचा पैसा घेण्यासाठी लागणारी सीएसआर-१ ची नोंद नाही, म्हणून कंपनीने फाईल उघडलीही नाही. मुलांचे रात्रीचे दूध बंद झाले. त्यागाची तेथे काहीच कमतरता नव्हती. तुमच्या मते गाडगेबाबांचे नाव घेतल्याने ते दूध पुन्हा सुरू होईल काय?

कोरडवाहू (आर्णीकडचा)

हिशेबनीस साहेब, दुधाचा मुद्दा लागला, हे नाकारत नाही. पण फॉर्म १०ए भरायला दोन वर्षांची पदवी आणि महानगरातले वसतिगृह लागते, हे मला अजूनही पटत नाही. आमच्या तहसीलीसमोरचा अर्जनवीस पावसाळा संपायच्या आत हे शिकून घेईल आणि फीही घेणार नाही. तरीही कायदा, हिशेब आणि अर्ज लिहिणे एवढे शिकवत असाल तर खुशाल शिकवा, माझी हरकत मागे घेतली असे समजा. विद्वानांचा विजय झाला.

माझी एकच अट राहील. देण्याचे शिक्षण घेणाऱ्या प्रत्येकाने एक पूर्ण सत्र मागणाऱ्यांच्या रांगेत काढावे. वारसाच्या फेरफारासाठी तलाठ्याकडे जावे, जूनमध्ये पीककर्जासाठी बँकेत उभे राहावे, 'अपात्र' शेरा पडलेल्या प्रकरणाची फेरचौकशी स्वतः लावून धरावी, आणि हे सारे विद्यापीठाचे ओळखपत्र खिशातून बाहेर न काढता करावे. पऱ्हाटी ताईंनी वर जे लिहिले आहे, ते कोणत्याही पाहणीच्या रकान्यात उतरलेले मी पाहिलेले नाही. त्या सत्रात उत्तीर्ण होणाऱ्याला पगार अवश्य द्या, माझ्याकडून सत्कारही होईल, फक्त हार घालणार नाही.

वरोऱ्याची एमएसडब्ल्यू

दादा, तुमची अट नवी नाही. समाजकार्याच्या शिक्षणात तिला क्षेत्रकार्य म्हणतात आणि ते आम्ही दोन्ही वर्षे केले आहे. फक्त त्या वेळी तुमच्यासारखेच लोक "आल्या फॉर्म भरून घ्यायला" म्हणत दार लोटून घेत होते. ओळखपत्र न दाखवण्याची अट मात्र चांगली आहे, ती मी मान्य करते. आणि विहिरीच्या रकान्याबद्दल सांगते : तो रकाना तुमच्या ओट्यावर बसलेला मुलगा ठरवत नाही. तो मुंबईत ठरतो, आणि तेथे बसलेल्यांपैकी कोणी मार्चमध्ये आटलेली विहीर पाहिलेली नसते. आर्णीची एखादी मुलगी तेथे बसवायची असेल, तर तिच्याकडे तुम्हाला नको असलेला तोच कागद लागेल.

निवृत्त मास्तर, दारव्हा

पऱ्हाटी ताई, थकबाकी भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात जमा झाली होती, रोख मिळाली नव्हती. बाकीचे तुमचे म्हणणे मी वाचले आहे.

बोंडअळी

म्हणजे मास्तरांवरही सरकारचा विश्वास नव्हता, असेच ना?

वणीचा बचत गट

वाद चालू द्यावा, आमचे एक काम आहे. ज्यांच्या घरी मशीन पडून आहेत त्यांनी येथे कळवावे. आम्हाला दोन हव्यात. पायडलच्याच हव्यात, मोटारीच्या नकोत, कारण दुपारी वीज नसते. स्टँड बिडाचे असावे, पत्र्याचे हलते. पऱ्हाटी ताई, तुमच्या आईची दुसरी मशीन विकायची असेल तर गट ती विकत घेईल. वाहतूक आमच्याकडे राहील, किंमत आईंनी सांगावी.