मदत हवी आहे: टर्कीच्या हंगामापूर्वी लपण कुठे आणि कसे उभारावे?

सर्व सदस्यांना सप्रेम नमस्कार.

मी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या नैर्ऋत्य भागात राहतो. एप्रिलच्या तिसऱ्या बुधवारी येथे रानटर्की या मोठ्या पक्ष्याच्या शिकारीचा वसंतातील हंगाम सुरू होतो आणि त्यातील पहिल्या सात दिवसांचा परवाना यंदा मला मिळाला आहे. शिकाऱ्यांसाठीचे आवश्यक प्रशिक्षण मी पूर्ण केले आहे. व्हर्नन काउंटीतील एका वयोवृद्ध शेतकऱ्यांनी त्यांच्या शेतात लपण, म्हणजे आत दडून बसण्यासाठीचा खिडक्या असलेला घडीचा कापडी तंबू, उभारण्याची परवानगीही दिली आहे. विस्कॉन्सिनमधून नाहीशी झालेली टर्की १९७६ साली मिसूरीतून आणून याच काउंटीत पुन्हा सोडण्यात आली आणि बदल्यात येथील ग्राउस पक्षी तिकडे पाठवण्यात आले. त्यामुळे या शेतात बसायला मिळते, याचे मला मनापासून अप्रूप आहे.

भारतात १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंद झाली, तेव्हा या विषयाचा थेट अनुभव येथे थोड्यांनाच असेल. तरीही लपणात तासन्‌तास बसणारे पक्षीनिरीक्षक आणि छायाचित्रकार येथे पुष्कळ आहेत, म्हणून विचारतो. मी स्वतः मेळघाटात बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरची प्रगणना केली आहे. परंतु तो अनुभव टर्कीपुढे अपुरा पडतो. टर्कीचे नाक अधू असले तरी नजर विलक्षण तीक्ष्ण असते, आणि तिला रंगही उत्तम ओळखता येतात.

गेल्या वर्षी हातातोंडाशी आलेला नर माझ्याच चुकीमुळे निघून गेला. तो साधारण चाळीस पावलांवर पिसारा फुलवून उभा होता. माझ्या पाठीमागची खिडकी उघडी राहिली होती, तिच्यातून उजेड येत होता आणि मी बंदूक उचलताच माझी काळी आकृती त्याला स्पष्ट दिसली. पिसारा क्षणात मिटला, मान ताठ झाली, ‘पट्‌’ असा तुटक आवाज आला आणि तो झाडीत दिसेनासा झाला.

आता खरी अडचण सांगतो. शेतात मक्याची धसकटे आहेत. पूर्वेला ओकच्या झाडांची उंच टेकडी आहे आणि टर्की रात्री तेथेच झाडांवर बसतात. पश्चिमेच्या कुंपणाशी लपण लावले तर पक्षी समोरून येतील, परंतु खिडकी पूर्वेकडे होऊन उगवता सूर्य थेट माझ्या तोंडावर पडेल. टेकडीच्या पायथ्याशी, पश्चिमेकडे तोंड करून बसावे, तर अंधारात तेथे पोहोचताना झाडांवरचे पक्षी बिथरतील. या दोन्हींत कोणती जागा घ्यावी, की तिसरीच काही शोधावी?

शिवाय परवा गोठ्यातून लपण बाहेर काढले, तेव्हा घडीत उंदरांनी घरटे केलेले आढळले आणि एक फायबरची काडीही चिरलेली निघाली. काडी बदलीन, मात्र कापड साबणाच्या पावडरीने धुवावे का, आणि लपण किती दिवस आधी उभारावे, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद १

मी मिसूरीत गेली नऊ वर्षे टर्कीच्या शिकारीला जातो. आपल्या वर्णनावरून मी दक्षिणेच्या बांधावर, उत्तरेकडे तोंड करून बसेन. पक्षी उजव्या हाताने शेतात उतरतील आणि ऊन समोरून येणार नाही. मात्र आधी एका निरभ्र सकाळी जाऊन टेकडीवरून ऊन त्या जागेवर किती वाजता पोहोचते, हे घड्याळ लावून पाहावे. टेकडी खरोखर उंच असेल, तर पक्षी खाली उतरण्याच्या वेळी शेत सावलीतच असते आणि मग पश्चिमेची जागाही चालू शकेल. जाण्याची वाट मात्र पक्ष्यांच्या झाडांपासून शक्य तितकी दूर ठेवावी.

कापड साबणाच्या पावडरीने मुळीच धुवू नये. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून तिच्यात घातलेली द्रव्ये अतिनील किरण शोषून निळसर उजेड परत टाकतात आणि टर्कीच्या नजरेला ते खुपते. ब्रशने माती झाडून साध्या पाण्याने पुसावे आणि दोन-तीन दिवस वाऱ्यावर टांगावे. उंदरांची घाण काढताना मात्र हातमोजे घालावेत, आणि ती कोरडी न झाडता ओली करूनच पुसावी.

खासगी जमीन असल्याने दहा-पंधरा दिवस आधी उभारायला हरकत नाही. हरणाच्या मानाने टर्की नव्या वस्तूला लवकर सरावते. खरी भीती वाऱ्याची आणि एप्रिलमधल्या ओल्या बर्फाची आहे, म्हणून चारही ताणदोर लांब खुंट्यांना बांधावेत आणि मोठ्या बर्फाचा अंदाज असेल तर लपण उतरवून ठेवावे. एप्रिलमध्ये ओकला पालवी नसते, त्यामुळे हिरव्या छापाचे कापड करड्या-तपकिरी रानात उठून दिसते. त्यावर आसपासच्याच वाळक्या फांद्या आणि मक्याची ताटे खोचावीत. आतली वाळलेली पाने पूर्ण झाडून घ्यावीत, नाहीतर पाय हलवला की आवाज होतो.

आणखी एक, जिवाशी संबंधित: अंगावर लाल, पांढरे किंवा निळे काहीही नसावे, कारण नराच्या डोक्यावर हेच रंग असतात आणि दुसऱ्या शिकाऱ्याची चूक होऊ शकते. लपणाच्या बाहेर, मागच्या बाजूला, भडक नारिंगी पट्टी बांधावी.

प्रतिसाद २

मी केवळ छायाचित्रे काढतो, पण आमचाही नियम हाच आहे: एकच बाजू उघडी, बाकी सर्व बंद, आणि आत बसणाऱ्याच्या अंगावर काळे कपडे. हातमोजेही काळेच असावेत. हालचाल होते ती हातांचीच.

मूळ लेखक

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. काल पहाटे शेतात जाऊन आलो. सूर्योदयानंतर सुमारे पन्नास मिनिटांनी ऊन पश्चिमेच्या कुंपणावर आले. तोवर सहा माद्या आणि दोन नर शेतात उतरून दक्षिणेच्या बांधाकडे चरत गेले होते. त्यामुळे दक्षिणेचीच जागा निश्चित करतो आहे. एक शंका उरली आहे: खिडकीची खालची कड माझ्या खुर्चीवरून छातीच्या वर येते आणि बंदूक नीट टेकत नाही. आपण खुर्ची उंच घेता, की कापडच खाली दुमडून बांधता?