खेळघरातील जुनी मऊ खेळणी

बी-204: नमस्कार. आपल्या सोसायटीच्या खेळघरासाठी घरोघरची जुनी खेळणी गोळा करण्याची कल्पना चांगली आहे, मात्र तीन वर्षांखालील मुलांच्या टोपलीत जुनी मऊ प्लास्टिकची खेळणी ठेवू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. काल गोळा झालेल्या खेळण्यांची पेटी आवरताना तळाशी एक पिवळे बदक प्लास्टिकच्या डब्याला चिकटून बसलेले सापडले. ते ओढून काढले तेव्हा डब्यावर तेलकट, गोल डाग राहिला आणि माझी बोटेही चिकट झाली.

ए-101: ताई, चिकटपणा धुळीचा असेल. आमच्याकडे बाळाची खेळणी उकळत्या पाण्यातून काढतात, तशीच हीदेखील उकळून घेऊ आणि उग्र वास येणारी तेवढी बाजूला काढू.

बी-204: काकू, उकळल्याने जंतू मरतात हे खरे आहे, पण येथे अडचण जंतूंची नाही. अशी खेळणी पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकची असतात. पीव्हीसी मुळात कडक असते, पाण्याचे पाइप त्याचेच असतात. ते दाबता येईल इतके मऊ व्हावे म्हणून त्यात प्लास्टिसायझर, म्हणजे मऊपणा आणणारे रसायन मिसळतात, आणि मऊ पीव्हीसीमध्ये त्याचे प्रमाण वजनाच्या 10 ते 40 टक्के असू शकते. पूर्वी यासाठी मुख्यतः थॅलेट्स नावाची रसायने वापरत. ती प्लास्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेली नसल्यामुळे हळूहळू पृष्ठभागावर येतात, आणि मूल खेळणे चोखू किंवा चावू लागले की लाळेत उतरतात. उष्णतेने ही गळती वाढते, म्हणून उकळणे हा येथे उपाय नाही. वासावरूनही निवड करता येणार नाही, कारण थॅलेट्सना जवळजवळ वासच नसतो.

काही थॅलेट्समुळे उंदरांच्या नर पिलांमध्ये टेस्टोस्टेरॉन घटून जननेंद्रियांची वाढ बिघडते, हे प्रयोगांत वारंवार दिसले आहे. युरोपीय संघाने 1999 मध्ये तीन वर्षांखालील मुले तोंडात घालतील अशा खेळण्यांत सहा थॅलेट्सवर तात्पुरती बंदी घातली. 2005 मध्ये ती 0.1 टक्क्याच्या मर्यादेसह कायम केली. अमेरिकेनेही 2008 मध्ये कायद्याने तीच मर्यादा ठरवली. आपल्या पेटीतील बरीच खेळणी त्याआधीची आहेत.

सी-303: माझा नातू गेले काही महिने अशीच एक जुनी बाहुली चघळत आहे. आता काय करावे?

बी-204: काका, घाबरून जाऊ नका. थॅलेट्स शरीरात वर्षानुवर्षे साठून राहत नाहीत, बहुतांश एक-दोन दिवसांत लघवीवाटे बाहेर पडतात. त्यामुळे बाहुली आजच काढून घेतली तरी मोठा फरक पडतो. मनात शंका राहिली, तर बालरोगतज्ज्ञांना अवश्य विचारा. त्याला चघळायला बाळांसाठीच बनवलेले सिलिकॉनचे खेळणे द्यावे, कारण सिलिकॉन मऊ ठेवण्यासाठी थॅलेट्स लागत नाहीत.

ए-101: मग टोपलीत ठेवायचे तरी काय?

बी-204: लाकडी ठोकळे, धुता येणारी कापडी खेळणी, पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन या प्रकारच्या प्लास्टिकचे पेले. जुन्या लाकडी खेळण्यांचा रंग मात्र पाहून घ्यावा, कारण जुन्या रंगात शिसे असू शकते. प्लास्टिकच्या खेळण्यावर छापलेल्या बाणांच्या त्रिकोणात 3 हा आकडा असेल तर ते पीव्हीसी. पुष्कळ खेळण्यांवर काहीच छापलेले नसते, आणि अशी मऊ खेळणी सरळ बाजूला काढावीत. ती दुसऱ्या कोणाच्या बाळाला देऊ नयेत, एवढे सर्वांनी पाळावे. बदक मी वेगळ्या पिशवीत बांधून ठेवले आहे.