मदत हवी आहे: कॉन्ट्रॅक्टरच्या बिलात मापं फुगवलीयत असं वाटतंय, कसं तपासू?

नमस्कार मंडळी, कराडजवळ गावी घराचं काम चालू आहे, मी ठाण्यात असते आणि साइटवर बाबा असतात. काम आयटम रेटवर दिलंय, म्हणजे काँक्रीट घनमीटरवर, सळई किलोवर आणि प्लास्टर चौरस फुटावर. पहिली दोन बिलं देऊन झालीत, आता तिसरं स्लॅबचं आलंय आणि ते बघून डोकंच फिरलं. रेट ठरल्याप्रमाणेच आहेत हो, घोळ मापांत आहे.

स्लॅब १००० चौरस फूट, जाडी ५ इंच, म्हणजे साधारण ११.८ घनमीटर, तिथवर ठीक. पण बीम ९ इंच रुंद नि १५ इंच खोल धरलेत, एकूण लांबी २०० फूट. आता त्या १५ इंचातले वरचे ५ इंच स्लॅबमध्ये आधीच मोजलेत ना? मग तेच काँक्रीट दोनदा लावलं की नाही? माझ्या हिशोबाने पावणेदोन घनमीटर जास्त होतंय.

सळईचं तर विचारूच नका, १२ मिमीला सरळ मीटरला १ किलो धरलंय. आणि प्लास्टरमध्ये ४ बाय ४ फुटांच्या खिडक्या एकाही बाजूने वजा नाहीत, मला वाटतं दोन्ही बाजूंनी व्हायला पाहिजेत.

बाबा म्हणतात ओळखीतला माणूस आहे, जाऊ दे, थोडंफार चालायचंच. मला भांडायचं नाहीये पण पैसे तरी कुठून आणायचे? कोणी साइटवरचं जाणकार असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १:
ताई, बीमचं तुमचं बरोबर आहे, खोली स्लॅबच्या तळापासून खाली मोजायची. सळईच्या मीटरभर वजनाला मिमीतल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ करा, १२ मिमीला ०.८८९ किलो येतं, म्हणजे तुम्हाला १२ टक्क्यांच्या वर जादा लावलंय. ८ मिमीला ०.३९५ येतं, तेही बघून घ्या, तिथे पण हात मारलेला असतो. खिडक्यांचं मात्र तुमचंही चुकतंय. आयएस १२०० (बांधकामाच्या मोजणीचं भारतीय मानक) प्रमाणे अर्धा ते ३ चौरस मीटरची उघडी जागा एकाच बाजूने वजा होते, आतल्या कडांचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत. पण आधी करारात मोजणी कशी लिहिलीय ते वाचा, तिथे वेगळं असेल तर तेच लागू.

प्रतिसाद २:
करार आहे का पण? आमच्याकडे तर वहीच्या पानावर रेट लिहून दिलेले 😀

धागाकर्ती:
स्टॅम्प पेपरवर आहे, पण मोजणीबद्दल त्यात अक्षरही नाही. आणि ८ मिमीला त्याने ०.४५ धरलंय, आत्ताच बघितलं. बाहेरचा इंजिनियर आणून दोघांसमोर माप घ्यावं म्हणते, कराड साताऱ्याकडे साधारण किती फी घेतात कोणी सांगेल का? आणि तोवर या बिलातले थोडे पैसे अडवून ठेवले तर तो काम बंद करेल का, बाबांना तीच भीती आहे.