विंडोजमधला कोकिला फॉन्ट छापखान्याला देता येतो का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वाचनालयाची स्मरणिका मी विंडोजसोबत येणाऱ्या 'कोकिला' फॉन्टमध्ये लावली आहे. हा फॉन्ट वापरून छापायला, पीडीएफमध्ये घालायला हरकत नसते, पण त्याची फाइल दुसऱ्या संगणकावर टाकायला मनाई आहे, एवढं समजलं. आमच्या छापखान्यात लिनक्स आहे. तिथे मूळ फाइल उघडली की दुसराच फॉन्ट येतो, ओळी सरकतात, कवितांची पानं तर पार विस्कटतात! शेवटच्या दुरुस्त्या तिथेच होतात, म्हणून नुसती पीडीएफ पुरत नाही.

कोकिलाचा वेगळा परवाना विकत घेतला आहे का कुणी? नाहीतर मुक्त परवान्याच्या फॉन्टांपैकी, म्हणजे 'तिरो देवनागरी मराठी', 'मुक्ता' वगैरे, मापाला जवळचा कुठला? ९६ पानं पुन्हा लावायची तयारी आहे, पण एकदाच.