मदत हवी आहे: जीएलपी-१ च्या सॅम्पलमध्ये डीपीपी-४ इनहिबिटर नक्की कधी घालायचं?

नमस्कार मंडळी, लॅबमध्ये हार्मोनची कामं करणारं कुणी असेल तर प्लीज वाचा.

थिसिससाठी शुगरच्या पेशंटांचं जीएलपी-१ (खाल्ल्यावर आतड्यातून येणारं, इन्सुलिन वाढवणारं हार्मोन) बघायचंय, उपाशीपोटी एक सॅम्पल, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून ३०, ६० आणि १२० मिनिटांनी. गाईड सरांना ॲक्टिव्हच (म्हणजे न छाटलेलं, काम करणारं) हवंय, टोटल (छाटलेलं धरून सगळं) नको. अडचण अशी की हे हार्मोन शरीरातच एक-दोन मिनिटांत निम्मं होतं, डीपीपी-४ एन्झाइम त्याच्या टोकाची दोन अमिनो आम्लं छाटतं, आणि ते एन्झाइम प्लाझ्मातही असतं, म्हणजे रक्त ट्यूबमध्ये आलं तरी छाटणी चालूच.

आमच्याकडे जांभळ्या टोपणाच्या साध्या ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या) ट्यूब आहेत आणि फ्रीजमध्ये ॲप्रोटिनिन आहे. सीनियर म्हणतात तेच घाल, ग्लुकॅगॉनला आम्ही तेच घालायचो. पण मी वाचलंय की ॲप्रोटिनिन ट्रिप्सिन, प्लाझ्मिन, कॅलिक्रेन यांना अडवतं, डीपीपी-४ ला नाही, मग त्याच्यावर भागेल का? बीडीच्या पी८०० ट्यूबमध्ये सगळं आधीच भरलेलं असतं पण एवढ्या पेशंटांना ती परवडत नाही. डीपीपी-४ ला अडवणारं वेगळं इनहिबिटर आणलं तर रक्त घेतानाच घालायचं की सेंट्रीफ्यूज झाल्यावर प्लाझ्मात घातलं तरी चालेल, कारण थंड सेंट्रीफ्यूज दुसऱ्या बिल्डिंगमध्ये आहे?

पेशंट रात्रभर उपाशी येतात, चारदा रक्त देतात, त्यात म्हातारी माणसंही असणार, त्यांचं रक्त ट्यूबमध्येच वाया गेलेलं मला चालणार नाही, म्हणून सुरू करायच्या आधीच विचारतेय.

प्रतिसाद:
ताई, तुमची शंका बरोबर आहे, ॲक्टिव्हसाठी नुसतं ॲप्रोटिनिन पुरत नाही. डीपीपी-४ इनहिबिटर रक्तातच घाला, सेंट्रीफ्यूजपर्यंत थांबलात तर तोवर जे छाटलं गेलं ते परत येत नाही. आम्ही दर मिली रक्ताला १० मायक्रोलिटर घालतो, रक्त आल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत, पण तुमच्या किटचा कागद आधी बघा. ट्यूब आधीच बर्फात ठेवा, घातल्यावर हलक्या हाताने उलटसुलट करा, जोरात हलवू नका, तांबड्या पेशी फुटल्या की त्यांच्यातली एन्झाइमं बाहेर येतात आणि त्याच सॅम्पलमधून इन्सुलिन करणार असाल तर तेही खाल्लं जातं. ॲप्रोटिनिन सोबत घालायचंच तर सगळ्यांना सारखं घाला, जुन्या पद्धतींत मिलीला ५०० केआययू (ॲप्रोटिनिन मोजायचं एकक) असायचं. प्लाझ्मा छोट्या छोट्या भागांत मायनस ८० ला टाका म्हणजे तेच तेच वितळवावं लागणार नाही. ग्लुकोज मात्र वेगळ्या फ्लोराइड ट्यूबमध्ये.

मूळ प्रश्नकर्ती:
खूप आभार! अजून एक, आमचे बरेच पेशंट विल्डाग्लिप्टिनवर (डीपीपी-४ लाच अडवणारी शुगरची गोळी) आहेत, २०१९ मध्ये पेटंट संपल्यावर ती स्वस्त झाली आणि सरसकट लिहिली जाते. त्यांच्या रक्तात इनहिबिटर आधीच आहे ना, मग त्यांच्या ट्यूबमध्ये नाही घातलं तर?

प्रतिसाद:
तरीही घाला. गोळी कधी घेतली त्यावर रक्तात औषध किती उरलंय ते ठरतं, त्याच्या भरवशावर ट्यूब सोडू नका. आणि त्यांचं ॲक्टिव्ह जीएलपी-१ शरीरातच जास्त असतं, त्यामुळे त्यांचा गट वेगळा धरा, गोळीची वेळ फॉर्मवर लिहून घ्या, आणि हे गाईड सरांशी पहिलं सॅम्पल घ्यायच्या आधी बोला.